चहा सही झाल्यावर

जानेवारीतला तिसरा शनिवार. हजर : मी, बायको, मुलगी (इयत्ता नववी), माझी थोरली बहीण आणि भावोजी. एकूण पाच. गाडी आमची, चालवणारा मी. पेडण्याहून साडेसहाला निघायचं, लाटंबार्शाला ताई-भावोजींना घ्यायचं आणि दहाला दाबोळीकडच्या विमानांच्या संग्रहालयाचं दार उघडतं तेव्हा दारात असायचं.

हे सगळं आदल्या दिवशी पॅडवर लिहिलेलं होतं. माझ्या याद्यांची घरात थट्टा होते, पण आमच्याकडे गॅस अचानक संपत नाही आणि कुणाची बस चुकत नाही, ते त्या याद्यांमुळेच.

सहलीचं कारण मी सगळ्यांना असं सांगितलं होतं : मोपाला विमानतळ येणार म्हणतात, आपलं काजूचं भाट तिथल्या पठाराला लागूनच आहे, तेव्हा पोरीने विमान एकदा जवळून बघावं. खरं कारण मला आणि बायकोला ठाऊक होतं. त्या भाटाला, म्हणजे काजूच्या बागेला, बाहेरचं गिऱ्हाईक आलं होतं. वडील गेल्यावर भाट आम्हा दोघा भावंडांचं झालेलं. गोव्यात पोर्तुगिजांच्या वेळचा कायदा अजून चालतो. मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि ती लग्न झालेली असेल तर कागदावर नवरा-बायको दोघांची सही लागते. ताई आणि भावोजींनी हक्कसोडीवर सही केली की भाट माझ्या एकट्याचं होणार होतं. आमच्याकडे पुष्कळ बहिणी अशी सही करतात. भाऊ मागतो, त्या देतात, भाऊबीज चालू राहते.

बायको म्हणाली होती, सरळ विचारा. मला ते जमत नव्हतं. दिवस मजेत गेला की संध्याकाळी कुणाला नाही म्हणवत नाही, असा माझा अंदाज. म्हणून परतीच्या वाटेवर म्हापशाचा नोटरी ठरवून ठेवला होता. माझ्यासाठी तो अर्धा तास जास्त थांबणार होता.

ताई रस्त्यावर येऊन उभी होती. केसांत अबोलीचा वळेसर, पायाशी डब्यांची मोठी पिशवी. यादीत जेवण हॉटेलात होतं, ते मी तिला फोनवर सांगितलंही होतं. हॉटेलवाल्याला माझ्या भावाचं पोट कुठे ठाऊक आहे, असं म्हणून तिने पिशवी मांडीवर घेतली. आत सुकी भाजी, पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव आणि माझ्यासाठी वेगळं, बिनतिखटाचं. गाडी सुरू झाल्यावर तिने मुलीला विचारलं, "तुझ्या बापसाने लघवीला किती मिनिटं लिहिली आहेत गे?" मुलीने खरंच पॅड उघडून बघायला घेतलं. मी ते तिच्या हातातून काढून समोर ठेवलं.

दहाला पाच मिनिटं असताना पोचलो.

विमानं उघड्यावर, ओळीने उभी. काहींचे पंख वर दुमडलेले. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख मिटून ठेवतात, असं पाटीवर लिहिलं होतं. मी ते मराठीत सांगितलं. मागच्या सीटवर तिघं दाटीने बसून आली होती. भावोजी म्हणाले, आमचेही हात असेच दुमडून आणलेस. ताई इतकी हसली की डोळे पुसावे लागले. लग्न होऊन गेल्यापासून ती अशी कुठे फिरायला आलीच नव्हती, हे त्या दिवशी तिच्याकडूनच कळलं. प्रत्येक पाटी तिने मुलीकडून वाचून, समजावून घेतली. मी दोनदा घड्याळ पाहिलं.

बाराच्या सुमारास सगळ्यांना मोठ्या विमानाच्या पंखाखाली उभं केलं. फोटो काढायचा म्हणून कॅमेरा हातात घेतला आणि पॅड ताईकडे दिलं. गडबडीत हातातली वस्तू तिच्याकडे द्यायची, ही माझी लहानपणापासूनची सवय.

नोटरीचा कागद इंग्रजीत होता, तो तिला वाचता आला नसता. यादी मराठीत होती. ताई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. यादीत खोटं लिहायची मला सवय नाही, त्यामुळे तिथे स्वच्छ अक्षरात होतं : ३.३० म्हापसा, नोटरी. ताई, भावोजी, हक्कसोड. चहा सही झाल्यावर.

फोटोत ती खाली बघते आहे.

मी जवळ गेलो तेव्हा तिने बोट त्या ओळीवर ठेवलेलं होतं. भावोजींना तिने काही सांगितलं नाही. मला हळूच म्हणाली, "चहा सही झाल्यावर? आधी दिलास तर मी पळून जाईन असं वाटलं तुला?"

मी म्हणालो, तसं नाही ताई, वेळेचं गणित होतं.

"सही देणार रे मी. तुला कधी नाही म्हटलंय? पण अशी नाही. माझ्या अंगणात येऊन बस. चहा घे. आणि तोंडाने माग."

मग तिने ते पान पॅडवरून फाडलं, चार घड्या करून बटव्यात ठेवलं आणि डबे उघडले. पहिलं ताट मला वाढलं. बिनतिखटाचं. जेवण झाल्यावर राहिलेली विमानं तिने सावकाश पाहिली, एकही न सोडता. साडेतीन तिथेच वाजले. म्हापसा आलं तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, इथे काहीतरी होतं ना? बायको म्हणाली, नव्हतं.

पुढच्या रविवारी लाटंबार्शाला जायचं मी लिहून ठेवलं. त्या रविवारी कचेरीचं काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी एक बारसं. गिऱ्हाईक घाई करत होतं. शेवटी भावोजी डिचोलीच्या बाजारात येणार असं कळल्यावर मी त्यांना तिथेच गाठलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. घडी पडू नये म्हणून त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला. आठ दिवसांनी तो परत आला, डिचोलीच्याच नोटरीसमोर दोघांच्या सह्या होऊन. ताईची सही मराठीत, मोठ्या अक्षरांत. मागे टाचणीने माझी यादी लावलेली. तिने प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली होती, साडेसहापासून थेट हक्कसोडीपर्यंत. फक्त चहापुढची जागा मोकळी होती.

भाट विकलं. तिथली काजूची झाडं गेली, आता कुंपण आहे. विमानंही येतात, घराच्या गच्चीवरून दिसतात. भाऊबीजेला ताई येत नाही. निरोप येतो, यंदा जमत नाही, पोरीला आशीर्वाद. बायको एकदा म्हणाली, आता मागायचं तरी काय राहिलं, सही तर झाली. पण चहाची ओळ मला खोडता आली नाही.

पेडण्याहून लाटंबार्से तासाभराच्या आत येतं. नवी डायरी आली की जुनीतली राहिलेली कामं मी पहिल्या पानावर उतरवून घेतो. या वर्षी तीन होती. दोन झाली. उरलेलं असं : लाटंबार्से, स्वतः जाणे. आधी चहा.