उघाडीचा रिपोर्ट

बाप भाईंदरच्या मिठागरावर मीठ ओढायचा. पायाच्या भेगांत मीठ शिरायचं. आई त्यात तेल भरायची, तेवढंच औषध. त्या पायांवर मी बी.ए. झाले. आमच्या पाड्यात पहिली.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्याच मिठागराच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी माझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. चोरीचा संशय आहे, असं लिहायचं होतं. मी 'डाउट' लिहिलं होतं.

"डाउट म्हणजे खात्री वाटत नाही. चोरी झाली असं वाटतं, तेव्हा सस्पेक्ट. बी.ए. ना गं तू? जा, बापासोबत मीठ ओढ. तिथे इंग्रजी लागत नाही."

कचेरी हसली. मीही हसले. ते हसू अजून टोचतं.

रद्दीतून डिक्शनरी आणली. डाउटफुल, अनसर्टन, सस्पेक्टेड, नॉट नोन. आपण सगळ्याला संशय म्हणून मोकळे होतो. मी जेवणाच्या सुट्टीत एकेक शब्द घोटला.

उन्हाळ्यात मोठ्या भरतीला उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं बांधातलं लाकडी दार, उघडी राहिली. तयार मीठ विरघळलं. कुणी उघडी ठेवली, कुणी पाहिलं नव्हतं. राखण धर्माकाकाची होती. बापाचा जोडीदार. मजुरी वाढवा म्हणून साहेबांना तोंडावर सांगणारा तोच.

"मालकाला रिपोर्ट पाठवायचाय," साहेब म्हणाले. "धर्मापुढे कुठला शब्द लावशील? सांग."

खरा शब्द मला येत होता. नॉट नोन. पण तो साहेबांना नको होता, तेही कळत होतं.

"सस्पेक्टेड, सर."

"शाब्बास! आता माणसात आलीस."

मला बरं वाटलं. हे लपवत नाही. बरं वाटलं. टाइप करून, साहेबांनी सांगितलं तशी खाली माझी सही केली. काकाला काढलं.

संध्याकाळी काका घरी आला. "बाय, काय लिवलंस गो? माजा नाव हाय त्यान?"

"इंग्रजीत हाय, काका. तुला न्हाय कलायचा."

बाप ओटीवर बसला होता. "आमाला न्हाय कलत, म्हनून तुला शिकवली."

जेवण गेलं नाही. माझ्या तोंडात साहेब बोलत होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मशीनवर नवा कागद चढवला आणि टाइप केलं: उघाडी कुणी उघडी ठेवली ते माहीत नाही. सस्पेक्टेड मी लिहिलं. माझ्याकडे पुरावा नव्हता.

"फाड तो," साहेब म्हणाले. "नोकरी जाईल."

"जाऊ दे. मी मीठ ओढीन."

कागद रजिस्टर पोस्टानं मी स्वतः मालकाला पाठवला. माझी नोकरी गेली. काकालाही परत घेतलं नाही. पुढं तो घोडबंदरला रेती उपसत राहिला. माझ्यामुळे. त्यानं माफ केलं का, मी विचारलं नाही. माफी मागायचा हक्क नव्हता.

मालकाच्या फायलीत दोन कागद लागले. दोन्हींवर सही माझी. जे मला माहीत नाही, ते खरं म्हणून लिहिलेल्या कागदाखाली त्यानंतर माझी सही कुणाला मिळालेली नाही. मिळणार नाही.