युरोपचं भवितव्य ठरवायला मी बॉल्सब्रिजला गेले

घरमालकाने घर विकायला काढलं, त्याच आठवड्यात ‘युरोपपुढील आव्हानांवर नागरिकांशी खुली चर्चा’ असं आमंत्रण इनबॉक्सात येऊन पडलं. प्रवेश फुकट, जेवण फुकट. आम्ही डब्लिनहून ट्रेनने तासाभरावरच्या मलिंगार गावात राहतो. तिथून गाडीने जायच्या अंतरावरच्या एका हॉस्पिटलात मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. गावात भाड्याने दुसरं घर मिळत नव्हतं, त्यामुळे राहायच्या जागेसकट मिळणारी, लांबच्या लिमरिकची नोकरी धरायची पाळी आली होती. “बट आय लाइक माय स्कूल, आई,” असं आमची इरा रोज म्हणायची. म्हटलं, एकदा युरोपलाच विचारून टाकू.

“जा, पण भांडू नकोस,” नवरा म्हणाला. “नुसता प्रश्न विचार.”

जाणाऱ्यांसाठी माहिती: ट्रेनचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, स्वस्त पडतं. डब्लिनला कॉनली स्टेशनवर डार्ट म्हणजे इथली लोकल पकडून लॅन्सडाउन रोडला उतरायचं, पुढे चालत. बॉल्सब्रिज हा वकिलातींचा भाग, इथली कुंपणंसुद्धा इस्त्री केल्यासारखी. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो.

हॉटेलच्या व्यासपीठावर चार वक्ते आणि खास ब्रसेल्सहून आलेला सूत्रसंचालक. महागाई, घरं, आरोग्यसेवा, सगळ्यांवर ‘व्यापक संवादाची गरज आहे’ यावर तासाभरातच चौघांचं एकमत झालं. तेव्हाच आम्हाला घरी सोडलं असतं तरी चाललं असतं. पण मग जेवण कोण जेवणार? शाकाहाऱ्यांना चीज-कांद्याचं सँडविच होतं, तेही गारढोण. मी मेथीचे पराठे नेले होते, तुम्हीही न्या.

शेजारी ब्रीडा नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या, आमच्याच बाजूच्या एका खेड्यातल्या. पराठा पुढे केला तर “नको नको, आय’म ग्रँड!” मी पुन्हा आग्रह केला, त्यांनी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा घेतला आणि वर दुसराही मागितला. अगदी आमच्या नागपूरच्या मावशीसारखं. मला बाई फार आवडल्या.

शेवटी नागरिकांचे प्रश्न आले. म्हणजे वेळ संपत आल्यामुळे एकच प्रश्न. ब्रीडाबाईंनी आणि मी एकदमच हात वर केला, माईक माझ्याकडे आला. प्रश्न मी ट्रेनमध्ये घोकला होता. पण शेजारी वयाने मोठी बाई हात वर करून बसलेली!

“आधी तुम्ही,” मी माईक पुढे केला.

“अगं नाही, तूच बोल.”

“छे छे, तुम्ही मोठ्या.”

आपल्याकडे काय आणि यांच्याकडे काय, पहिला नकार कोणी खरा धरत नाही. ब्रसेल्सच्या माणसाने धरला. “सुंदर! म्हणजे प्रश्न नाहीत,” असं म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या, मागोमाग सगळ्यांनी. मला स्वतःचाच असा राग आला की विचारू नका.

परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मी विचारलं, “तुम्ही काय विचारणार होतात?”

“मला दम लागतो गं. डॉक्टरांची तारीख मिळत नाही. विचारणार होते, डॉक्टर जातात तरी कुठे?”

“आणि मी विचारणार होते, डॉक्टरने राहायचं तरी कुठे?”

“आ, जीझस,” ब्रीडाबाई म्हणाल्या. मग आम्ही फोन नंबर घेतले आणि उरलेला पराठा वाटून खाल्ला.

पुढच्या आठवड्यात आयोजकांचा अहवाल आला. ‘नागरिकांच्या शंकांचं पूर्ण निरसन झालं.’ सोबत माईक एकमेकींकडे ढकलणाऱ्या आम्हा दोघींचा मोठ्ठा फोटो, खाली ‘एकमेकांचं ऐकणारे युरोपचे नागरिक’. मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे, पण फोटोपुरतं चालतं बहुतेक.

अशी चर्चा बघायला जावं का? जरूर जा. खुर्च्या आरामशीर असतात आणि कोणालाही काही त्रास होत नाही.

आम्ही लिमरिकची नोकरी घेतली. इराने दोन दिवस अबोला धरला. ब्रीडाबाईंचा फोन आला तेव्हा मी इराची पुस्तकं खोक्यात भरत होते. “तारीख मिळाली!” त्या धापा टाकत सांगत होत्या. “पुढच्या महिन्यात, तुझ्याच हॉस्पिटलात. तू असशील ना तिथे?”

नसेन, असं मी सांगितलं. फार वाईट वाटलं.