तपासणी पथकाची अकरा वर्षं

हिंमतरावांना एका गोष्टीचा भारी राग होता. बडोद्याच्या मराठी मंडळाचं त्रैमासिक ‘वडपान’ ते अकरा वर्षं चालवत होते आणि नियतकालिकांचा राज्य पुरस्कार त्यांना एकदाही मिळाला नव्हता. “सगळी वशिलेबाजी!” असं ते दर वर्षी म्हणत आणि सेवउसळीवर आणखी रस्सा ओतून घेत.

यंदा मात्र गळ्याशी आलं होतं. मंडळाचे अध्यक्ष दत्ताजीराव यांनी बजावलं होतं, “पुरस्कार आणा, नाहीतर तुमच्या खोलीत टेबल टेनिस!” खोली गेली की अंक गेला आणि अंक गेला की हिंमतरावांनी दिवसभर घरी बसून करायचं काय, हा प्रश्न त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोला जास्त छळत होता.

हिंमतराव कामाला लागले. मकरपुऱ्याच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची हयात गेली होती. प्रत्येक लेखाची मुद्रितं, वाचकांच्या तक्रारी, छायाचित्रकार रमाकांतची हजेरी, सगळं चौऱ्याण्णव पानांच्या फायलीत लावलं. पंखा पुसला. भिंतीशी तपासणी पथकासाठी तीन खुर्च्या मांडल्या आणि त्यांवर कुणालाही बसू दिलं नाही. निरुपमाताई शाळा सुटल्यावर येऊन अंकासाठी लिहीत. त्याही उभ्याच.

मार्चच्या शेवटच्या दिवशी दुपारी दारात एक माणूस आला. हातात टेप, कानावर पेन्सिल.

“पथक आलं!” हिंमतराव पुटपुटले आणि त्याला हाताला धरून फिरवू लागले. कपाट दाखवलं, तक्रारवही दाखवली, सेवउसळ खाऊ घातली. पाहुण्याने प्लेट चाटूनपुसून संपवली. मग उठून त्याने भिंत मापायला घेतली.

“जागेचेही गुण असतात,” हिंमतराव रमाकांतच्या कानात म्हणाले.

“काका,” तो माणूस म्हणाला, “हुं तो टेबलनुं माप लेवा आव्यो छुं. टेनिसवाळुं टेबल.”

हिंमतराव खुर्चीत बसले. राखीव खुर्चीत. “म्हणजे खरे परीक्षक अजून यायचेत,” ते क्षीण आवाजात म्हणाले.

निरुपमाताईंनी विचारलं, “कशासाठी? फाईल तुम्ही पाठवली ना?”

“पाठवायची कशाला? कारखान्यात पथक स्वतः येतं. येऊन तपासतं.”

“आणि याआधीच्या दहा फायली?”

हिंमतरावांनी कपाटाकडे बोट दाखवलं. दहाही तिथेच होत्या, रांगेत, डांबरगोळ्यांसकट. रमाकांतला हसू आवरेना, म्हणून तो पाणी प्यायला बाहेर गेला.

निरुपमाताईंनी मोबाईलवर नियम उघडले. आज संध्याकाळी सहापर्यंत ऑनलाईन अर्ज घेत होते. “एकच लेख मागतात. आणि त्यामुळे काय बदललं, ते थोडक्यात.”

“चौऱ्याण्णव पानं?”

“एक लेख, हिंमतराव!”

निवडला तो लेख निरुपमाताईंनी स्वतःच लिहिलेला होता. डभोईला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर चार दिवस बसून, किती म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागतं ते त्यांनी मोजलं होतं. लेख छापून आल्यावर तिथे दोन बाकं आली. हिंमतरावांना त्या लेखात विशेष काही वाटलं नव्हतं, त्यात तक्ते कमी होते. पण आता त्यांनी स्वतः पानं सरळ धरली, रमाकांतने फोटो काढले आणि सहा वाजायला सात मिनिटं असताना अर्ज गेला.

जूनमध्ये फोन आला. दुसरा पुरस्कार. हिंमतराव ढसाढसा रडले, आणि मग डोळे पुसत म्हणाले, “पण साहेब, तुम्ही येऊन बघितलं कुठे?”

खोली राहिली. टेबल व्हरांड्यात आलं. त्या संध्याकाळी हिंमतरावांनी जुन्या फायली खाली काढल्या, ‘वशिलेबाजी’ असं लाल पेन्सिलीने लिहिलेलं दहाही मुखपृष्ठांवर खोडलं, आणि शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पाठवायची राहिली’.