मुहूर्ताआधी विचारलेले चार प्रश्न

"काहून टोकून राहिली वं? शुभ कामाच्या वक्ती अपशकुन करते! जा, नारळ धुऊन आण."

सर मला हे सगळ्यांसमोर बोलले. भंडाऱ्यातलं सरांचं दोन खोल्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. संगणकाला हळदकुंकू लावलेलं, समोर पेढ्यांचा डबा. खुर्चीत पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. आणि मी वही उघडून उभी.

तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कोणत्या दिवशी जाणार, ते शेतकऱ्याला मोबाईलवर दिसावं असं ॲप संस्थेला हवं होतं. संस्थेच्या फाटक्या रजिस्टरांवरून एकेक नाव, एकेक गट नंबर डेटाबेसमध्ये मी भरला होता. चार महिने. ॲप मात्र एआय लिहिणार होतं. आपण सांगायचं, ते धडाधड कोड लिहितं. सरांना त्याचं फार कौतुक.

वहीत चारच प्रश्न होते. डेटाबेसची आवृत्ती एआयच्या कोडला चालते का? सरावासाठी वेगळा डेटाबेस केला आहे का, की खऱ्याचाच पत्ता दिला? एआयला माहिती पुसून टाकायचा अधिकार दिला आहे का? बॅकअप घेतला, तो उघडून पाहिला का?

"तुझा बाप पवनीत धोटा मारते ना?" सर हसले. "मंग तू धागेच मोजत बस. मुहूर्त टळून राहिला इकडे."

सगळे हसले. अध्यक्षही.

बाबा हातमागावर विणतात, हे खरं आहे. ताण्यातला प्रत्येक धागा बोटानं चाचपल्याशिवाय ते मागावर बसत नाहीत. दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी नाही. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. त्या दिवशी मात्र त्यांच्या शिस्तीची टिंगल ऐकून कान तापले. तरी मी गेले, मोरीत नारळ धुतला आणि आणून दिला. हे लिहिताना आजही मला माझीच चीड येते.

अकरा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त. कळ अध्यक्षांनी दाबायची ठरली होती. मध्येच पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: आधीचे सगळे तक्ते पुसून नवे करू का? अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं.

"यस दाबा साहेब, यस. काही नाही होत."

टाळ्या वाजल्या. पेढे वाटले. तासाभरानं अध्यक्षांनी हौसेनं स्वतःचं नाव शोधलं. सापडलं नाही. कोणाचंच सापडलं नाही. पत्ता खऱ्या डेटाबेसचा दिलेला होता. बॅकअपच्या जागी रिकामा फोल्डर होता. माझे चार महिने गेले. पाणी सुटायला आठ दिवस राहिले होते.

अध्यक्ष बाहेर बसून होते. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर छापलेला कागद: माझ्या हलगर्जीपणामुळे संस्थेची माहिती नष्ट झाली. खाली माझं नाव.

"सही कर. मंग रजिस्टर पाहून पुन्हा भर. नोकरी जात नाही तुझी."

"सर, मी तर आधीच विचारलं होतं."

"तुले कोण ओळखते इथं? माझं नाव खराब झालं तर धंदा बसते. तुझं काय जाते?"

माझं काय जाते. हातातला पेन थांबला. सही केली असती तर गावोगाव हेच बोललं गेलं असतं की त्या पोरीनं आमच्या पाण्याची बारी पुसली. पुन्हा कोणी मला कीबोर्डला हात लावू दिला नसता. माझ्याकडे शेत नाही, ओळख नाही. आहे ते एवढंच, की माझ्या हातचं काम चोख असतं. तेच नाव हा माणूस मागत होता, आणि तेही फुकटात.

मी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर चारही प्रश्न लिहिले. मला काय उत्तर मिळालं ते लिहिलं. यस कोणी दाबायला सांगितलं ते लिहिलं. त्याखाली सही केली आणि बाहेर जाऊन अध्यक्षांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला.

"बाई, तुझं खरं असन. पण सर मोठ्या घरचे आहेत. जाऊ दे ना."

त्याच दिवशी माझी नोकरी गेली. रजिस्टरं दुसऱ्या मुलीनं पुन्हा भरली म्हणतात. तो कागद कुठं गेला, कोणाला ठाऊक.

आता वरठीत एका लहानशा ऑफिसात काम करते. पगार कमी आहे. कामाला हात लावण्याआधी प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. इथंही म्हणतात, बाई तोंडाळ आहे. आहेच मी तोंडाळ. गप्प बसून काय मिळतं ते पाहून झालं. यापुढे दुसऱ्याच्या चुकीचा कागद कोण्या पोरीपुढे सरकवलेला मला दिसला, तर मी तो उचलणार आणि भर ऑफिसात मोठ्यानं वाचणार. लिहिणाऱ्याच्या नावासकट.