तोफ तिकडची

ड्रेस्डेनमध्ये माझ्या खालच्या मजल्यावर एक सीरियन म्हातारे एकटे राहायचे. मी त्यांना चाचा म्हणायचो. एकदा त्यांचा बिघडलेला टीव्ही लावून दिला, आणि तेव्हापासून रमजानमध्ये मी ऑफिसमधून आलो की ते जिन्यातच गाठून मला आत बसवायचे. दोघांचंही जर्मन यथातथाच, त्यामुळे गप्पा कमी आणि टीव्ही जास्त.

पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर दमास्कसची तोफ सुटली. म्हणजे रोजा सोडायची वेळ झाली, एवढं मला ठाऊक होतं. मी समोरचा खजूर उचलला. चाचांनी माझं मनगट धरलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर लख्ख ऊन होतं. तोफ तिकडची होती, इथला सूर्य मावळायला अजून बराच वेळ होता. खरं तर मी दुपारी कँटीनमध्ये पोटभर जेवलो होतो, पण मुकाट्याने खजूर परत ठेवला.

पडद्यावर लोक जेवत होते. उपाशीपोटी हे कशाला बघायचं, असं मी जरा वैतागूनच विचारलं.

"आत्ता माझी बहीण जेवायला बसली असेल," ते म्हणाले.

मग तिचं जेवण होईपर्यंत आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो.

गेल्या वर्षी ते मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. यंदा रमजानमध्ये एका रविवारी मी मोबाईलवर तेच चॅनल लावलं आणि ताटलीत खजूर घेऊन बसलो. तोफ सुटली. खिडकीत ऊन होतं. मी खजूर तोंडात टाकला. कोणी हात धरला नाही.