संध्याकाळची सूज

वडिलांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला आधी शेळ्या आठवतात, आणि शेळ्यांच्याही आधी औषधाच्या बाटलीचं एक झाकण.

वडील मुंबईत गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ते निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली आणि आम्ही दोघं भाईंदरला राहायला आलो. मी तिथल्या एका शाळेत शिकवू लागले. वडिलांना घरात करमत नसे. संध्याकाळी ते चालत जवळच्या राई गावाकडे जात. तिथे भाताच्या बांधांवर एक म्हातारी अकरा शेळ्या चारायची. त्यांतल्या दोन खंगलेल्या होत्या. वडिलांनी जंतांचं औषध आणून पाजलं. पंधरा दिवसांत दोघी उड्या मारायला लागल्या आणि म्हातारी वडिलांना डाक्तर म्हणायला लागली.

"डॉक्टर नाही हो मी. कंपाउंडर."

"मंग डाक्तरला काय शिंगं असतान?"

हे त्यांनी घरी येऊन मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा हसले. आई गेल्यापासून ते हसले नव्हते.

मग दर अमावास्येला ते औषध घेऊन जाऊ लागले. करडाला एक झाकण, मोठ्या शेळीलाही एकच झाकण. दवाखान्यात वर्षाचं औषध कधीच वर्षभर टिकत नसे, त्यामुळे पुरवून वापरणं त्यांच्या हातात मुरलेलं होतं. थोडं थोडं, पण सगळ्यांना. या सवयीचा त्यांना अभिमान होता. मलाही होता.

तिसऱ्या वर्षी ऐन पावसाळ्यात सूज दिसू लागली. दिवसभर चरून शेळ्या परतायच्या तेव्हा त्यांच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असायची. सकाळी पाहावं तर जबडा साफ. संध्याकाळी पिशवी पुन्हा हजर.

"रातचा कोन येतं न पिऊन जातं?" म्हातारीनं विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

वडिलांनी समजावलं, दिवसभर मान खाली असते म्हणून पाणी उतरतं, रात्री मान वर असली की ओसरतं. म्हातारी ऐकून घेत होती, पण बघत होती शेळ्यांकडे. एका रविवारी मी सोबत गेले होते. वडिलांनी एका शेळीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून मला दाखवली. आत लाली हवी होती. ती कागदासारखी पांढरी होती. अंगावर जखम नाही, गोठ्यात रक्ताचा थेंब नाही, खाणंही चालू. शेळी माझ्याकडे पाहत शांतपणे रवंथ करत होती. पोटातले जंत रक्त पितात, हे मला माहीत होतं. तरी परतताना मी दोनदा मागे वळून पाहिलं.

वडिलांना इंग्रजी लेबलापुरतं येई. मी शाळेतल्या ओळखीतून जनावरांच्या रोगांवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं. रविवारी चहा झाला की मी ते मराठीत करून वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. गणपतीच्या आधीच्या रविवारी तो परिच्छेद आला. वजनाच्या मानानं कमी औषध वारंवार दिलं, तर जे जंत त्यानं मरत नाहीत तेवढेच मागे उरतात; त्यांचीच अंडी गवतावर पडतात, आणि पुढे त्या औषधाला दाद न देणारेच जंत शिल्लक राहतात. मी मनातल्या मनात वाचलं, वर पाहिलं. वडील म्हणाले, "हं, पुढे?" मी पान उलटलं. सावकाश सांगू, असं वाटलं. डाक्तर हा शब्द त्यांच्याकडून इतक्या लवकर काढून घ्यायला मन होईना.

दोन अमावास्या गेल्या. झाकण तेच. चार शेळ्या मेल्या.

पाचवी मेली त्या सकाळी मी वडिलांबरोबर होते. आदल्याच दिवशी तिला औषध पाजलं होतं. त्यांनी बांधावर गोणपाट पसरून तिचं पोट उघडलं. जठरात दोऱ्यासारखे बारीक जंत होते, लाल आणि पांढरा पीळ घातलेले, मिठाईच्या खोक्याला बांधतात त्या दोऱ्यासारखे. शेळी थंड झाली होती. जंत हलत होते. वडिलांनी काही जंत एका बशीत घेतले आणि बाटलीतलं पांढरं औषध वर ओतलं. आम्ही तिघं उकिडवे बसून पाहत होतो. ऊन वर आलं. त्या पांढऱ्यात ते सावकाश पीळ घालत राहिले.

मी म्हटलं, "बाबा, पुस्तकात होतं हे. मी वाचलं नाही."

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि हात धुवायला गेले. परत येऊन म्हातारीला म्हणाले, "माझ्या झाकणानं झालं हे."

"म्हंजे आमीच पोसले त्यांना," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "चा पिऊन जा."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. नंतर त्यांनी वेगळं औषध आणलं, शेळ्यांचं वजन करून, फक्त पांढऱ्या पापणीच्यांना दिलं. त्यांतल्या तीन वाचल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी मला पुन्हा कधी वाच म्हटलं नाही. सोसायटीची इंग्रजी नोटीस आली तरी ती शेजारच्या गुजराती काकांकडे नेत आणि हिंदीत समजून घेत. मी समोर बसलेली असे.

पुढे काही वर्षांनी त्यांचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी घोट्याशी बोट दाबलं की खळगा राही. सकाळी पाय साफ. मी रोज नुसती बघत होते. तेच एकदा पायांकडे बघत म्हणाले, "रातचा कोन येतं?" आणि हसले.

तपासणीचा कागद आला त्या संध्याकाळी मला वाटलं, ते चपला घालून शेजारी जातील. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

"वाच. सगळं वाच."

मी पहिल्या ओळीपासून वाचलं. मध्ये हृदयाविषयीची एक ओळ आली, तिथे मी अडले. ते डोळे मिटून थांबले, "पुढे" म्हणाले नाहीत. मी ती ओळ मराठीत करून सांगितली, मग तिच्याखालची, मग खालच्या सहीपर्यंत. त्यांनी मान हलवली, पायांखाली उशी घेतली आणि आडवे झाले.

सकाळी पाहिलं तर पाय नेहमीसारखे होते, जणू काहीच नव्हतं.