तंबाखूचा गाल

आण्णा, माझे वडील, गेले त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला फोटोऐवजी मी काढलेलं चित्र भिंतीवर लावायचं, असं आईला सांगून ठेवलं होतं. मी सांगलीत शाळेत चित्रकला शिकवतो. चेहरा आधी घडीव दगडासारखा बघा, असं मुलांना सांगतो. कपाळाचा पुढचा सपाट भाग, कानशिलाकडे वळणारा दुसरा, गालफडाखाली उतरणारा तिसरा. अशा प्रत्येक भागाला प्रतल म्हणायचं आणि त्यावर पेन्सिलीची एकच छटा भरायची. डोळे, ओठ मागाहून.

आण्णा फौजेतून निवृत्त होऊन कोरेगावला शेती बघत. सुट्टीत मी त्यांना खिडकीशी बसवायचो. आधी तोंडातली तंबाखू थुंकायला लावायचो, कारण फुगलेल्या गालावर प्रतल सापडत नसे.

"फौजेत बी एवढं सावधान करत न्हवते, मास्तर," असं म्हणत ते चूळ भरून यायचे.

तरी चित्र जमत नसे. चेहरा भरलेला, गोल. मग आजारपणात गाल आत गेले, हाडं वर आली. दवाखान्यात खाटेशेजारी बसून मी त्यांना काढलं, तेव्हा पहिल्यांदाच सगळी प्रतलं आपापल्या जागी बसली. मला आनंद झाला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यांनी पाणी मागितलं, तर मी म्हणालो, "जरा थांबा, हलू नका." ते थांबले.

तेच चित्र चौकटीत घालून परवा कोरेगावला नेलं. आईनं पदरानं काच पुसली, चित्र लांब धरून बघितलं, मग जवळ.

"कोण रं ह्यो?"

"आई, आण्णा आहेत."

"ह्ये दवाखान्यातलं हाय. आमचं माणूस कुठाय? त्यो तंबाखूचा गाल कुठाय?" तिला मधेच हसू आलं. "लग्नात बी थुकली न्हाई त्यांनी. भटजी लय वैतागलं हुतं."

मी चौकट उघडून कागद बाहेर काढला. एक गाल भरून काढणं अवघड नव्हतं. थोडं खोडायचं, सावली वर सरकवायची. पण पेन्सिल टेकवण्याआधी हात थांबला. इतकी वर्षं मी तो चेहरा मापत आलो होतो, आणि तंबाखू कुठल्या गालात असायची ते मला माहीत नव्हतं.

"डावा का उजवा?" मान वर न करता मी विचारलं.

शेवटी वर बघावंच लागलं. आई माझ्याकडेच बघत होती. मग तिनं स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं.